फरशी खाल्लेली शेगडी

मी एक शेगडी. पत्र्याची, चार पायांची, पोटाला दार आणि डोक्यावर धुराडं. वानाद्झोर शहरातल्या एका पाचमजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत माझा मुक्काम आहे. आर्मेनियात माझ्या वयाच्या शेगड्या आता फारशा उरल्या नाहीत. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

माझा जन्म झाला तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. सोव्हिएत संघ मोडला होता. पलीकडच्या डोंगरात लढाई चालू होती, शेजाऱ्यांनी रेल्वे अडवली होती आणि गॅसची वाहिनी कुणी ना कुणी उडवून द्यायचं. वीज दिवसाकाठी तासभर आली तर नशीब. चौकात स्वातंत्र्याचा जयजयकार करून लोक घरी आले, ते कोट न काढताच जेवायला बसले.

लेव्होन यंत्रांच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना जवळजवळ बंदच होता. त्याची बायको सातेनिक गरोदर होती, सातवा लागला होता. एका दुपारी लेव्होनने घरातला विजेचा ओव्हन कापायला घेतला.

"अरे, ओव्हन कापलास? वीज आल्यावर केक कशात भाजू?"

"वीज आली की नवा घेऊन देतो."

"म्हणजे कधीच नाही, असं सरळ सांग की!"

त्या ओव्हनच्या पत्र्यातून मी झाले. खिडकीची एक काच काढून तिथून माझा पाइप बाहेर काढला. लेव्होनचे वडील गारेगिन त्याच कारखान्यात फोरमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी मला दोन टिचक्या मारल्या, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "एक पाय आखूड झालाय." मग स्वतःच त्याखाली लाकडाचा तुकडा सारला.

त्या हिवाळ्यात सगळं घर माझ्याच खोलीत राहायला आलं. वरच्या मजल्यावरच्या एमाकाकूही स्वतःचं स्टूल आणि खिशात दोन बटाटे घेऊन यायच्या. मोकळ्या हातांनी कधी आल्या नाहीत, काहीतरी जळण आणायच्याच. एकदा त्यांनी पुढाऱ्यांच्या भाषणांचे जाडजूड ग्रंथ आणले.

"माझ्या नवऱ्याला बक्षीस मिळाले होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसती धूळ खाल्ली मेल्यांनी. आज पहिल्यांदा त्यांची ऊब लागतेय."

गारेगिन सोडून सगळे हसले.

नाताळापर्यंत रस्त्यावरची झाडं संपली. मग बागेतले बाक गेले. जानेवारीत शुशान जन्मली. तिचे लंगोट माझ्या पाइपावर वाळायचे. एका संध्याकाळी लेव्होन घसरगाडीवरून कोरड्या, जाड फळ्या घेऊन आला. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं म्हणा ना.

गारेगिननी एक फळी उचलून पाहिली. "या आपल्या कारखान्यातल्या पेट्यांच्या आहेत."

"हो."

"कुणी दिल्या?"

"देणार कोण, बाबा? तिथे आहे कोण? ज्या सरकारचा कारखाना होता ते सरकारच मेलं. सगळेच नेतायत."

"सगळे नेतायत म्हणून फोरमनच्या मुलानेही न्यायच्या?"

"पोरगी गारठून मेली तर तिला हेच सांगू का? तुझा आजोबा फोरमन होता म्हणून?"

सातेनिक म्हणाली, "लेव्होन, पुरे!" पण शब्द तोंडातून सुटला होता. म्हातारा उठला. कोट, टोपी, दोन गोधड्या घेऊन मागच्या थंड खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. सातेनिक चहा घेऊन गेली. "बाबा, निदान घोटभर घ्या." त्यांनी दार उघडलं नाही. चहा उंबऱ्याशीच गार झाला. इकडे मी त्या फळ्या जाळत होते. पोटात आग होती, पण घरात कुणाला ऊब लागत नव्हती.

सकाळी मागच्या खोलीतून करकर आवाज यायला लागला. लेव्होन धावला. गारेगिन गुडघ्यांवर बसून जमिनीची लाकडी फरशी उपसत होते. ओकच्या सुबक पट्ट्या, एकीत एक बसवलेल्या. त्यांनी ओंजळभर पट्ट्या आणून माझ्यापुढे ठेवल्या.

"घर कारखान्याने दिलं. पण ही फरशी माझी. मी बसवली आणि तुझ्या आईने मेण लावून घासली. ही जाळा."

"बाबा, राहू द्या. मी चुकलो."

"पोरीला थंडी वाजतेय. घाल आत."

लेव्होनने पट्ट्या आत घातल्या. जुन्या मेणाचा वास खोलीभर पसरला. गारेगिन येऊन नातीशेजारी बसले. मग लेव्होन उठला आणि मागच्या खोलीत जाऊन स्वतःच पट्ट्या उपसू लागला. उरलेल्या फळ्या त्याने परत कारखान्यात नेऊन टाकल्या. रखवालदार त्याला वेड्यात काढून हसला म्हणे. त्या फरशीवर आम्ही वसंतापर्यंत तगलो.

दोन वर्षांनी सरकारने घरोघर एक एक कागद वाटला. देशातले कारखाने आता जनतेचे, हा तुमचा वाटा. लेव्होनने आपला कागद बाजारात देऊन रॉकेल आणि बटाटे आणले. सगळे तेच करत होते. गारेगिननी मात्र आपला कागद कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवला. बाकीचे कागद कारखान्याच्या जुन्या उपव्यवस्थापकाने, रोबिकने, पोत्याने गोळा केले. एके दिवशी तो मालक झाला.

मे महिन्यात लेथ मशिनं ट्रकवर चढवून इराणच्या हद्दीकडे निघाली, भंगाराच्या भावाने. गारेगिन फाटकात जाऊन उभे राहिले. लेव्होनही सोबत होता. घरी आल्यावर त्यानेच सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने कागद दाखवला. रोबिक गाडीतून उतरला, नम्रपणे म्हणाला, "गारेगिनकाका, तुमचा वाटा आहेच की! भिंती ठेवल्यात मी." माणसं हसली. दोघांनी म्हाताऱ्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि ट्रक गेले.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. मी विझलेली होते. तरी गारेगिन माझ्यापुढे येऊन बसले आणि दोन्ही हात माझ्यावर धरले, शेकायला धरतात तसे. बराच वेळ बसले. मला आयुष्यात कधी इतकं लाजल्यासारखं झालं नाही.

त्याच शरद ऋतूत ते गेले. पुरताना सातेनिकने तो कागद त्यांच्या कोटाच्या खिशात तसाच राहू दिला.

लेव्होन रशियात, रोस्तोवला बांधकामावर गेला. आधी दर हिवाळ्याला यायचा. मग नुसते फोन यायला लागले, मग सणासुदीला तेवढे. तिकडे त्याचा दुसरा संसार आहे. सातेनिकने हे कधी तोंडाने म्हटलं नाही, पण त्याचे बूट तिने एमाकाकूंच्या जावयाला देऊन टाकले.

वीज परत आली आणि मी बाल्कनीत आले. कारखान्याच्या अर्ध्या भागात कपड्यांचं दुकान झालं, अर्ध्यात कावळे राहतात. शुशान मोठी झाली. परदेशी कंपनीचं काम ती घरूनच कॉम्प्युटरवर करते. भंगारवाला भोंगा लावून रस्त्याने गेला की म्हणते, "आई, दे ना हिला. उगाच जागा अडवते."

"असू दे," सातेनिक म्हणते.

मधे पुन्हा लढाई झाली. टीव्हीवर पहिली बातमी आली त्या सकाळी सातेनिक बाल्कनीत आली. माझ्यावरची, जेवणात घालायच्या तुळशीची कुंडी उतरवली, पाइप झटकला, दाराच्या बिजागरीला तेल घातलं.

शुशान दारात उभी राहिली. "आई, अगं आता गॅस आहे, वीज आहे!"

"तेव्हाही होती, शुशान जान. आदल्या दिवसापर्यंत."

शुशान आत गेली आणि पुसायला फडकं घेऊन आली.

वाचकहो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मागतात ते हेच, की आम्हाला वापरा, टाकू नका. मी उलटं मागते. या देशाने एवढंच करावं, की एखाद्या सकाळी भोंगा ऐकून सातेनिकने स्वतः बाल्कनीतून हाक मारावी, "ओ भंगारवाले, थांबा! वर या!" मी आनंदाने जाईन. पण आज सकाळीही तो येऊन गेला. ती कुंडीला पाणी घालत होती. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही.