खंडेनवमीचे काडतूस

कासलबारच्या बाहेर, तळ्याच्या काठाने जाणारा अरुंद रस्ता जिथे संपतो तिथे जार्लथचे घर होते, आणि त्या घराच्या माडीवरची खोली निमिषने भाड्याने घेतली होती. गावातल्या इस्पितळात तो संगणकांची देखभाल करी. दिवसभरात त्याच्याशी बोलत ती पासवर्ड विसरलेली माणसे, आणि पासवर्ड मिळाला की तीही गप्प होत. निमिष मुळातच बुजरा. पुण्याहून निघताना त्याला वाटले होते की परक्या देशात आपले गप्प राहणे कुणाला खुपणार नाही. ते खरेच कुणाला खुपले नाही, आणि हेच त्याला पहिल्या हिवाळ्यात जड गेले.

संध्याकाळी मात्र जार्लथ बोले. सत्तरी ओलांडलेला, बायको ब्रेडा गेल्यापासून एकटा राहणारा हा आयरिश मेंढपाळ चुलीपाशी खुर्ची ओढून बसे आणि नेहमी एकाच विषयावर येई.

"पुन्हा महागली," तो सुरुवात करी. काय महागले हे सांगायची गरज नसे. काडतुसे महागलेली असत. "इंग्लंडहून बोटीनं यायची, तोवर ठीक होतं. आता इंग्लंड वेगळं झाल्यापासून कागदच इतके लागतात की बोटीत काडतुसांना जागा उरत नाही."

जार्लथकडे वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक होती. तिच्या नळ्या जुन्या, मऊ लोखंडाच्या. शिशाचे छरे तिला चालत, पोलादाचे चालत नसत. आणि शिसे आता पाणथळ जागेपासून शंभर मीटरच्या आत झाडायला कायद्याने बंदी. पाणपक्षी ते छरे टिपतात आणि विषाने मरतात, म्हणून ब्रुसेल्सने तो नियम केला होता.

"पक्ष्यांचं खरंच आहे," जार्लथ प्रामाणिकपणे कबूल करी. "मेलेले हंस मी पाहिलेत. पण या मेयो परगण्यात पाण्यापासून शंभर मीटर लांब जाऊन दाखव बघू! माझा बिछाना तरी तेवढा लांब आहे का?"

"मग बिस्मथ धातूच्या छऱ्यांची घ्या ना. ती जुन्या बंदुकीला चालतात म्हणे."

"चालतात. राजधानीत बॉल्सब्रिजच्या महागड्या हॉटेलात जेवायला जाणाऱ्यांना चालतात."

निवडणुकीच्या आधी गावच्या सभागृहात यावर सभा झाली होती. उमेदवाराने शिकाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून वचने दिली, बाहेर उभ्या असलेल्या पक्षिमित्रांनाही तशीच दिली, आणि तो निवडून आला. त्याला पाठवायचे पत्र जार्लथने सांगितले आणि निमिषने टंकले. उत्तराची वाट पाहत दोघे एकत्र बसत. ते आले नाही, पण वाट पाहण्याची सवय मात्र राहिली.

बंदुकीने जार्लथ वर्षाकाठी फारसे काही मारीत नसे. कोकरांच्या मोसमात एखादा कोल्हा, क्वचित एखादे बदक. पण रविवारी सकाळी शिकारमंडळाची माणसे चिखलाचे बूट घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात जमत, कारण तळ्याची वाट त्याच्याच अंगणातून जाई. परवाना असेपर्यंत तो त्यांच्यातला एक होता. परवाना गेला तर ती माणसे चुलतभावाच्या शेतातून जातील, हे त्याने एकदाच, मेंढ्यांविषयी बोलावे तशा सुरात सांगितले होते. त्या शरद ऋतूत परवान्याचे नूतनीकरण होते.

निमिष या गप्पा ऐके तो आणखी एका कारणाने. त्याच्या वडिलांचे, रवींद्ररावांचे, सारे आयुष्य खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेले होते. ते अबोल. फोन आला की "ठीक ना? आईला देतो," एवढे म्हणून शोभनाबाईंच्या हाती देत. पण सप्टेंबरात एकदा निमिषने सहज म्हटले, "बाबा, इथे आमच्या घरमालकांकडे काडतुसं आहेत," आणि पलीकडे फोन आईकडे गेला नाही.

"बुंध्याला पितळ आहे की नुसता मुलामा?" वडिलांनी विचारले. "टोपी बघ. कडेला हिरवट दिसते का? मग ओल लागलीय."

ते कितीतरी वेळ बोलले. दारू कोरडी कशी राखतात, पावसाळ्यात हात कसे पुसावे लागत, खंडेनवमीला यंत्रे थांबली की कारखान्यात कशी शांतता पसरे आणि त्या शांततेत झेंडूचा वास कसा येई. निमिष भिंतीला टेकून ऐकत राहिला. आपल्या वडिलांचा आवाज इतका भरदार आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते.

"नवमीला एक ठेव पूजेत," शेवटी ते म्हणाले. "माझ्या वतीनं. आणि रिकामं टरफल ठेवू नकोस हं. रिकाम्याची पूजा करत नाहीत."

निमिषने जार्लथकडे एक मागितले. जार्लथने जिन्याखालचे लोखंडी कपाट उघडले. त्याला तो आपल्या भाषेत 'प्रेस' म्हणे. त्यातून एक लाल, शिशाचे काडतूस त्याने काढून दिले. "घे. तसंही हे आता तळ्याकाठी उडवायची सोय नाही. ब्रुसेल्सनं त्याला पेन्शनीत काढलंय."

परवान्याशिवाय एकही काडतूस बाळगणे गुन्हा आहे, हे दोघांनाही माहीत होते. पण जार्लथच्या लेखी ते निकामी झाले होते, आणि निमिषच्या लेखी कुंकू लागताच ते काडतूस उरलेच नाही. नवमीच्या सकाळी त्याने खिडकीखालच्या स्टुलावर लॅपटॉप, भाजीची सुरी आणि मधोमध ते काडतूस मांडले. हळदकुंकू वाहिले. झेंडू मिळाला नाही, म्हणून कुंपणावरची गॉर्सची पिवळी फुले काट्यांसकट तोडून आणली. छायाचित्र पाठवले. वडिलांचे उत्तर आले: "छान. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवू नकोस."

दुपारी तो इस्पितळातून परतला तेव्हा जार्लथ हजामत करून, टाय लावून बसला होता.

"पोलीस ठाण्यातल्या सार्जंट होबनबाईंचा फोन होता. इकडूनच जातायत, तर कपाट बघून घेतील. नूतनीकरणासाठी."

निमिष जिना चढून खोलीत गेला. काडतूस स्टुलावर उभे होते. ते उचलून कपाटात परत ठेवायला क्षणभर पुरला असता. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. उद्या वडील विचारतील, आणि वडील काही विचारतात ही गोष्ट अजून फार नवी होती. कपाट खाली आहे, वर कोण येणार, असे म्हणून त्याने दार लोटून घेतले.

सार्जंट नोरीन होबन ही उंच, सावकाश बोलणारी बाई. तिने कपाट पाहिले, कुलूप ओढून पाहिले, किल्ली कुठे असते ते विचारले. मग म्हणाली, "घरात भाडेकरू आहे ना आता? तुझं काही नाही रे मुला, पण माझ्या मागच्या भेटीत तू नव्हतास. खोली बघावी लागेल."

दार उघडताच ती उंबऱ्यावर थांबली.

"हे काय आहे?"

"पूजा आहे," निमिष म्हणाला. "वर्षातून एकदा करतो. अवजारांची. म्हणजे ज्यावर पोट चालतं त्याची."

"लॅपटॉप समजला. सुरीही समजली. या तिसऱ्यावर तुझं पोट कसं चालतं?"

"माझं नाही. वडिलांचं चालायचं."

"ते कुठे असतात?"

"पुण्यात."

ती वाकली. पितळी बुंध्यावर कुंकवाचे बोट उमटलेले होते. "भरलेलं आहे?"

जिन्यावरून धापा टाकत आलेला जार्लथ म्हणाला, "मी दिलं." त्याच क्षणी निमिष म्हणाला, "मी घेतलं."

"एकेकानं बोला," सार्जंट म्हणाली. "नाहीतर राहू दे, बोलूच नका. तू दिलंस, तर बिनपरवान्याच्या माणसाला दारूगोळा दिलास. यानं घेतलं, तर तुझं कपाट नावालाच कपाट आहे. यातलं कुठलं मी सुपरिंटेंडेंटना कळवू, जार्लथ? तुझ्या ब्रेडाच्या अंत्यविधीला मी आले होते. मला यातलं काहीच कळवायचं नाहीये." मग निमिषकडे वळून, "उचल ते आणि याच्या हातात दे."

निमिषच्या तोंडून निघून गेले, "उद्यापर्यंत हलवायचं नसतं."

"काय?"

"उद्या दसरा. उद्या उचलतात."

सार्जंटने टोपी काढली आणि कपाळ पुसले. "मी तुला आत्ता ठाण्यावर नेऊ शकते, आणि तू मला मुहूर्त सांगतोयस?"

जार्लथच हसला, कोरडे, खोकल्यासारखे. मग पुढे होऊन त्याने खिशातला रुमाल पसरला, काडतूस त्यात अलगद घेतले, कुंकू पुसले जाऊ न देता, आणि जिना उतरला. खाली कुलूप लागल्याचा आवाज आला.

जाताना अंगणात सार्जंट जार्लथला म्हणाली, "आज मी पाहिलं ते एवढंच, की काडतुसं कपाटात आहेत. पण हा मुलगा आणि ही बंदूक एका छपराखाली असताना मी अर्जाखाली सही करू शकत नाही. बंदूक दुकानदाराकडे जमा कर, नाहीतर दुसरं काय ते ठरव. महिनाअखेरीला येते." निमिष खिडकीत उभा होता. तो ऐकतोय हे खालच्या दोघांनाही ठाऊक होते.

जेवताना जार्लथ बराच वेळ बटाटे सोलत राहिला. "ती बंदूक तरी काय," तो ताटाकडे पाहून म्हणाला, "काडतुसं परवडत नाहीत आताशा."

निमिषने दाराशी ठेवलेल्या बाकाकडे पाहिले. रविवारी तिथे बूट काढून ठेवत. बाकाखालच्या फरशीवर वर्षानुवर्षांच्या चिखलाचा न जाणारा डाग होता. वर खुंट्यांवर मंडळींचे मग टांगलेले होते, ज्याचा त्याचा ठरलेला. 'माझ्यासाठी असे करू नका' हे वाक्य त्याने मनात कितीतरी प्रकारे जुळवले, आणि प्रत्येक प्रकार त्याला उसना वाटला. आठवड्याने तो फक्त एवढेच म्हणाला, "इस्पितळाजवळ खोली मिळालीय. हिवाळ्यात हा रस्ता निसरडा होतो ना."

"ग्रँड," जार्लथ म्हणाला. हा शब्द तो मेंढी व्यायल्यावरही म्हणे आणि चहा सांडल्यावरही. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "ग्रँड." मग उठून बाहेर गेला, आणि अंधार पडेपर्यंत मेंढ्यांपाशीच राहिला.

निघायच्या दिवशी निमिषची बॅग दाराशी होती. जार्लथने त्याला जिन्याखाली बोलावले आणि कपाट उघडले. वरच्या फळीवर ते एकटे काडतूस उभे होते, कुंकवासकट. बाकीची त्याने खालच्या फळीवर सरकवली होती.

"दुसऱ्या दिवशी काहीतरी करायचं असतं म्हणाला होतास. राहिलं ना ते?"

निमिषने मान डोलावली.

"मग कर. पण हात लावू नकोस, बाबा. होबनबाई पावलागणिक हजर असतात."

निमिषने स्वयंपाकघरातून चिमूटभर तांदूळ आणले. जार्लथने काडतूस तळहातावर धरले. त्याच्या तळहातावर लोकर कातरायच्या कात्रीचे जुने व्रण होते. निमिषने तांदूळ वाहिले आणि लहानपणापासून पाठ असलेले शब्द पुटपुटले.

"काय म्हणालास?"

"पुन्हा यावं, असं म्हणतात. निरोप देताना."

जार्लथने काडतूस जागेवर ठेवले, दाणे खाली पडणार नाहीत अशा बेताने. कुलूप लावताना, निमिषकडे पाठ असताना, तो म्हणाला, "रविवारी इथे खुर्च्या पुरत नाहीत." किल्ली फिरली. "सोमवारी पुरतात."

परवाना झाला. हे निमिषला इस्पितळात एका रुग्णाकडून कळले. नोव्हेंबर उजाडला तेव्हा रविवारी पहाटे तळ्याच्या दिशेने आवाज आले, आधी दोन लागोपाठ, मग लांबून एक. गावातल्या त्याच्या नव्या खोलीत भिंती स्वच्छ होत्या आणि शेजारच्या दारांना कुलुपे होती. तो अंथरुणात पडून कानोसा घेत राहिला, पण कुठला बार कुणाचा हे ओळखायला तो कधी शिकला नव्हता. सोमवार येत होते आणि जात होते. दर सोमवारी तो बसथांब्यापर्यंत जाई. काय सांगून दार वाजवायचे हे त्याला सुचत नसे आणि बस निघून जाई.

एका रविवारी दुपारी वडिलांचा फोन आला. स्वतःहून, प्रथमच.

"उत्तरपूजा झाली होती ना नीट?"

"झाली, बाबा."

"हं." पलीकडे कुकरची शिटी झाली. फोन आता आईकडे जाईल म्हणून निमिष थांबला. "आणि तिकडे हल्ली भाव काय आहे रे? काडतुसांचा?"

निमिषने खिडकीबाहेर पाहिले. पावसाने रस्ता काळा झाला होता.

"नक्की माहीत नाही, बाबा," तो म्हणाला. "उद्या विचारून सांगतो."