कार्डावरची सही

“निशाणी तेवढी बघ आणि दाब. नावं वाचत बसू नकोस,” अण्णांनी रांगेत उभ्या उभ्या तिसऱ्यांदा सांगितलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर पुरती गेली, तेव्हापासून मत द्यायला त्यांच्यासोबत कुणीतरी जावं लागतं. या खेपेला पोटचा मुलगा हाताशी असताना त्यांनी मला निवडलं. माझ्या नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. अण्णा चाळीस वर्षं एकाच पक्षाचे. पत्रकं वाटली, लाठ्या खाल्ल्या, एकदा तुरुंगात जाऊन आले आणि बदल्यात कधी काही मागितलं नाही. त्यांच्या निष्ठेला मी नावं ठेवणार नाही. पण त्या निष्ठेवर आज कोण आयता स्वार झालाय हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उमेदवार होता जनरेटरवाला.

मी प्रसूतिगृहात बावीस वर्षं नर्स आहे. आमच्या जनरेटरच्या देखभालीचं कंत्राट त्याच्याकडे होतं. दर महिन्याला त्याच्या माणसाने जनरेटर पंधरा मिनिटं चालवून दाखवायचा आणि मग पाळीवरच्या सिस्टरने कार्डावर सही करायची, असा नियम. मी साधा तापसुद्धा स्वतः बघितल्याशिवाय लिहीत नाही. नव्या मुली मला त्यावरून चिडवतात. पण त्या दिवशी एकाच वेळी तीन बायका अडल्या होत्या. त्या माणसाने कार्ड पुढे केलं. म्हणाला, साहेब तुमच्या अण्णांच्याच पक्षाचे, घरचंच काम आहे. मी हसले आणि सही केली. जनरेटरचा आवाज ऐकलाच नव्हता.

नऊ दिवसांनी भर दुपारी वीज गेली. टेबलावर बाई होती, पोट उघडलेलं. जनरेटर चालू झालाच नाही. डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात टाके घातले. बाळ वाचलं. बाई गेली. चौकशीत कार्ड निघालं, माझी सही निघाली, मला शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. जनरेटरवाला मात्र ‘सिस्टरनी चालवून बघितला होता की’ एवढं म्हणून सुटला. वर्षभरात पक्षाने त्याला तिकीट दिलं. समोरून उभ्या होत्या त्या इथल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. ही चौकशी लावून धरली होती त्यांनीच. पण अण्णांच्या लेखी त्या ‘त्यांच्यातल्या’, विषय संपला. हे सगळं मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, पक्ष बघायचा, माणसं काय, येतात आणि जातात. तीही बाई गेलीच की, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

आमचा नंबर लागला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे अण्णांनी माझं मनगट धरलं.

“दिसली निशाणी?”

“दिसली.”

“मग दाब.”

बोट उचलेना. मी कुठलंही बटण दाबलं असतं तरी अण्णांना काय कळणार होतं? शाळेतल्या बाईंचं नाव दोनच ओळी खाली होतं. बोट तिकडे वळलं, हे मी लपवणार नाही. मग मी हातच मागे घेतला.

“अण्णा, पक्ष बघून मी एकदा सही केलीय. पुन्हा नाही करणार.”

“मत माझं आहे.”

“तुमचंच आहे. म्हणून दुसरं काही दाबत नाही. पण त्याच्यासाठी माझं बोट मिळणार नाही. ह्यांना बोलावते.”

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग त्यांनी विचारलं, “ती टेबलावर गेली, त्या बाईचं नाव काय होतं?”

मी सांगितलं. त्यांनी ते हळू आवाजात एकदा म्हणून बघितलं. मला वाटलं, आता तरी.

“बोलाव त्याला,” अण्णा म्हणाले.

अधिकारी कुरकुरला, नियमांचं पुस्तक चाळलं आणि अखेर माझ्या नवऱ्याला आत सोडलं. यंत्राचा आवाज आला. नंतर मी माझं मत दिलं. तोच आवाज, तेवढाच. माझा राग तसूभरही उतरला नव्हता. नाव विचारून घेतलं, ऐकलं, आणि तरीही!

बाहेर आले तर नवरा माझ्याशी न बोलता पुढे निघून गेलेला. अण्णा फाटकापाशी एकटेच थांबले होते.

“तू काहीही दाबलं असतंस तरी मला कळलं नसतं,” ते म्हणाले.

“नसतं कळलं.”

“म्हणून तर तुला आणलं होतं. तुझा नवरा माझ्या नावावर स्वतःच्या मनाचं दाबेल. तू नाही दाबणार.”

“म्हणजे माणूस पारखता येतो तुम्हाला. मग आत काय झालं होतं, अण्णा?”

त्यांनी चाचपडत माझा दंड शोधला. मी लगेच पुढे केला नाही, पण काढूनही घेतला नाही. रस्ता ठिकठिकाणी खणलेला होता. खड्डा आला की मी सांगत होते आणि अण्णा निमूट पाय उचलत होते.