मीटरबाईंचं कलम सात

नगरपालिकेच्या परवाना विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर ज्या निरीक्षक बसतात, त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणतात आणि पाठीमागे मीटरबाई. रस्त्यावरच्या डिजिटल बोर्डांचा उजेड मोजायचं हातभर केबलचं यंत्र त्यांच्या पर्समध्ये कायम असतं. या नावाची त्यांना कल्पना आहे, आणि ते त्यांना आवडतं असा माझा संशय आहे.

सहा वर्षांपूर्वी शहरात पहिला डिजिटल बोर्ड लागला, तेव्हा त्याला लागू होईल असा एकही नियम आमच्याकडे नव्हता. ते बाईंनी लिहिले. चित्र किमान दहा सेकंद स्थिर राहावं, हलतं चित्र चालणार नाही, बाहेरचा उजेड उतरला की बोर्डाचाही आपोआप उतरावा. कलम सात सिग्नलचं होतं: सिग्नलचा दिवा आणि त्यामागचा बोर्ड एका रेषेत येऊ नयेत, आणि हे पदपथावर उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून तपासावं. सगळी मिळून बारा पानं, त्यात एक शब्द उगीच नाही. नव्या माणसांना नियम कसे लिहितात ते दाखवायला साहेब हीच पानं पुढे करत.

बाईंच्या थोरल्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे, मोठ्या चौकात. गेल्या वर्षी त्यांनी दुकानावर डिजिटल बोर्ड लावायचं ठरवलं. बाईंनी त्या फायलीला हातही लावला नाही. दुसऱ्या वॉर्डच्या निरीक्षकाने सगळं तपासलं, सगळं नियमात बसलं आणि बोर्ड लागला. मोठं काळं चित्र, मग मोठं लाल चित्र, मध्ये एक चष्मा. देखणा होता, खोटं कशाला बोलू.

महिन्याभराने एक बसचालक आमच्याकडे आले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. टोपी हातात धरून उभेच राहिले.

"मॅडम, तक्रार म्हणावी की नाही कळत नाही," ते म्हणाले. "पण मोठ्या चौकात, त्या चष्म्याच्या दुकानासमोर, मला लाल दिवा सापडत नाही. काल कचकन ब्रेक मारावा लागला. एक म्हातारे गृहस्थ दांड्यावर आपटले. बरे आहेत, पण मला रात्रभर झोप नाही."

"डोळे तपासलेत?" मीच विचारलं.

"तपासले. त्याच दुकानात. उत्तम आहेत म्हणाले."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली. आम्ही चौकात गेलो, पदपथावर उभे राहून पाहिलं. सिग्नलचा दिवा बोर्डाच्या वरच्या कडेपेक्षा चांगला हातभर वर, मागच्या करड्या भिंतीवर स्वच्छ दिसत होता. उजेडही नियमात. मी म्हटलं, चला, ड्रायव्हरसाहेबांचा भास असेल.

"ते पदपथावरून गाडी चालवत नाहीत," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास डेपोतून एक रिकामी बस मागवली. चालकांनी ती थांबरेषेमागे उभी केली आणि आपली जागा बाईंना दिली. बाई साडी सावरून वर चढल्या, चाकामागे बसल्या आणि समोर बघत राहिल्या. बोर्ड लाल झाला. दहा सेकंदांनी चित्र बदललं. मग उतरल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बसा."

मी बसलो. तेवढ्या उंचीवरून दिवा खाली घसरल्यासारखा नेमका बोर्डाच्या पोटात येत होता. लालात लाल. चालू आहे की बंद, मला सांगता येईना.

बाई तशाच दुकानात गेल्या. दादांनी ऐकून घेतलं आणि तापले.

"सहा महिने मी कागद गोळा केले. नकाशा दिला, मोजमाप दिलं. तुझेच नियम पाळले ना मी?"

"पाळलेस, दादा. एकही मोडला नाहीस. चूक नियमात आहे."

"मग नियमाला नोटीस पाठव."

"पाठवणारच आहे. तू आधी माझ्याबरोबर ये."

त्यांनी भावाला बसमध्ये नेऊन चालकाच्या जागी बसवलं. बोर्ड लाल झाला, तसा दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दिवा चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," चालक म्हणाले.

आयुष्यभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस तो. गुपचूप खाली उतरले आणि दुकानात जाऊन लाल चित्र काढून टाकलं. मग बहिणीला म्हणाले, "झालं ना? आता नियम बदलायला पालिकेच्या समितीपुढे जाऊन स्वतःचीच चूक चव्हाट्यावर कशाला मांडतेस?"

"तू माझा भाऊ आहेस म्हणून ऐकलंस. पुढचा बोर्डवाला माझा भाऊ नसेल."

समितीच्या बैठकीला मी फायली घेऊन मागे बसलो होतो. एका सदस्याने पहिल्याच फटक्यात विचारलं, "हा बोर्ड तुमच्या भावाचा ना?"

"हो. म्हणून मोजणी आणि सही दुसऱ्या निरीक्षकांची आहे. पान तीन."

"आणि हे कलम सात लिहिलं कोणी होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी."

"मग तेव्हा सुचलं नाही?"

 त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याकडे दहा सबबी तयार असत्या.

"मी तेव्हा सगळे चौक पायी फिरून पाहिले," बाई म्हणाल्या. "चालकाच्या जागी बसून पाहायला हवं होतं. ते मी केलं नाही."

अध्यक्षांनी फाईल पुढे ओढली. मग म्हणाले, "नवीन वाक्य वाचा."

बाईंनी वाचलं. पदपथावरून आणि बसचालकाच्या आसनावरून, दोन्ही ठिकाणांहून तपासावं. कोणी हरकत घेतली नाही. त्यानंतर शहरातले सगळे बोर्ड पुन्हा तपासले, तेव्हा आणखी तीन तसेच निघाले. त्यांतला एक शाळेच्या वळणावर होता.

दादांना बोर्ड दोन फूट खाली घ्यावा लागला. खर्च केला, कुरकुर केली, पण बहिणीशी अबोला धरला नाही. उलट गिऱ्हाइकांना तो किस्सा ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना बहिणीची बाजू इतकी रंगवतात की आपण काय बोललो ते विसरतात.

परवा सकाळी बाईंचं टेबल रिकामं दिसलं. खिडकीतून पाहिलं तर समोर रस्त्याच्या कडेला एक मालट्रक उभा, आणि त्याच्या पायरीवर चढून बाई ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होत्या. मी खाली गेलो.

"आता काय?" मी विचारलं.

"ट्रकची सीट बसपेक्षाही उंच असते," त्या म्हणाल्या. "टेपचं दुसरं टोक धरा जरा."