उलटा शिक्का

मिनेहारा रेडिओ कंपनीचा सत्तर वर्षांचा इतिहास छापून आला. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि उशाला घेतला तर मान अवघडेल इतका जाड. कंपनीत आता रेडिओ बनत नाहीत. नाव तेवढं मिनेहारा, माल दुसऱ्याने केलेला आणि मालक तिसराच. कारखाने विकले, माणसं घरी बसवली, पण इतिहास मात्र हवा, तोही गुळगुळीत कागदावर.

तेइझो मिनोवा दीड वर्ष या पुस्तकाची वाट बघत होते. वय एकोणऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, योकोहामाच्या दोन खोल्यांत एकटेच. संस्थापकाने लष्कराच्या भंगारातून पहिला रेडिओ कसा जुळवला, हे त्यांना वाचायचं नव्हतं. त्यांना हवं होतं एकच पान.

एकतीस वर्षांपूर्वी ते कंपनीच्या नागाईच्या कारखान्याचे प्रमुख होते. यामागाता प्रांतातल्या त्या बर्फाळ गावात स्टेशन पकडणारे कंपनीचे सगळ्यात चांगले ट्यूनर बनत. बनत म्हणजे बायका बनवत. दोनशे बारा माणसांत एकशे ऐंशी बायका, आणि जुळणीच्या टेबलावर त्यांची मुकादम तोमिए होशिना. प्लास्टिकच्या बारीक पेचकसाने कॉइलचा गाभा केसभर फिरवून ती स्टेशन असं नेमकं आणून बसवायची की मीटरचा काटा तिच्यामागून हलायचा. मग येन महागला, परदेशात माल खपेना, आणि वरच्यांनी ठरवलं की नागाई बंद करून ट्यूनर मलेशियात करायचे.

बातमी फुटली तेव्हा तोमिएने कॅन्टीनमध्ये, सगळ्याजणींच्या देखत मिनोवांना विचारलं होतं, ठरावाचा कागद तुमच्याकडे आला की काय कराल? मिनोवा म्हणाले होते, मी मान्य करणार नाही. बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

कागद आला. अकरा चौकटी, अकरा साहेबांनी सहीऐवजी आपापल्या नावाचा लाकडी शिक्का मारायचा. आपल्याकडे जपानी कचेऱ्यांत कागद कसा फिरतो ते काय सांगायचं. खालचा साहेब आपला शिक्का वरच्या साहेबाच्या शिक्क्याकडे जरा कलता मारतो, म्हणजे शिक्काही वाकून नमस्कार करतो. आणि ज्याला ठराव पटत नाही पण अडवायची छाती नाही, तो शिक्का उलटा मारतो, नाव डोक्यावर उभं करून. कागद पुढे जातो, नाराजीही नोंदली जाते, आणि कुणालाच तोंड उघडावं लागत नाही. सोय किती बघा.

मिनोवांनी शिक्का उलटा मारला. शिक्का धरलेल्या हाताला घाम फुटला होता, असं ते पुढे बायकोला कैकदा सांगत. त्याच संध्याकाळी त्यांनी तोमिएला गाठून सांगितलं, मी उलटा मारलाय. ती त्यांच्याकडे बघत राहिली, "बरं" म्हणाली आणि वळून गेली. त्यानंतर एक शब्द नाही. दर नववर्षाला मिनोवांचं शुभेच्छापत्र नागाईला जाई, उत्तर एकदाही आलं नाही. तोमिएला आपण खोटं बोललो असं वाटतंय, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. पेन्शन मिळाली, नातवंडं झाली, पण हा सल काही गेला नाही.

इतिहासासाठी कंपनीने जुन्या लोकांना मदतीला बोलावलं तेव्हा मिनोवा धावत गेले. गोदामात आठवडाभर धूळ खाल्ली आणि तो कागद शोधून काढला. दहा शिक्के सरळ, वाकलेले, आणि एक उलटा. डोळ्यांत पाणी आलं माणसाच्या. संपादनाचं काम बघणाऱ्या आन्झाई नावाच्या तरुण मुलीला त्यांनी विनंती केली की हा कागद पानभर छापा. तिने विचारलं, यात विशेष काय दाखवायचंय? आता इथे सांगायचं ना बाबा! पण नाही. आपल्याच तोंडाने आपली फुशारकी कशी मारायची? विशेष काही नाही, म्हणाले, महत्त्वाचा ठराव आहे एवढंच.

पुस्तक आलं ते त्यांनी उघडलंसुद्धा नाही. तोमिएच्या समोरच उघडायचं म्हणून खोक्यासकट रेशमी फडक्यात बांधलं, येतोय म्हणून कार्ड टाकलं आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी नागाईची गाडी धरली.

तोमिएने दार उघडलं. एक्याऐंशीची झाली होती, कंबरेत वाकलेली, पण नजर तीच. आत घेतलं, चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढे केलं. मिनोवांनी गाठ सोडली, पुस्तक काढलं, आन्झाईने कळवलेलं पान दोनशे चौदा उघडून तिच्यापुढे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

तिने भिंग घेतलं. एकेक चौकट बघत शेवटपर्यंत गेली.

"अकराही सरळ आहेत," ती म्हणाली.

मिनोवांनी पुस्तक ओढून घेतलं. त्यांच्या नावाचा शिक्का सरळ उभा होता. नुसता सरळ नाही, शेजारच्यांसारखा वरच्या साहेबाकडे किंचित कललेला.

त्यांनी तिथल्या तिथे आन्झाईला फोन लावला. तोमिएलाही ऐकू जावं म्हणून मोबाइल चटईवर ठेवून आवाज मोठा केला. आन्झाई आनंदाने म्हणाली, बरं झालं तुमच्या लक्षात आलं, मिनोवासाहेब! तुमचा शिक्का तेव्हा चुकून उलटा पडला होता ना, छपाईवाल्यांनी दाखवलं. सत्तर वर्षांच्या पुस्तकात तुमची चूक कायमची राहायला नको, म्हणून आम्ही तो फिरवून बाकीच्यांच्या ओळीत बसवला. दोन दिवस लागले त्याला.

मिनोवांचं तोंड उघडलं. तोमिए बघत होती.

"फार त्रास घेतलात," ते म्हणाले. "आभारी आहे." आणि त्या मोबाइलपुढे कपाळ चटईला लागेस्तोवर वाकले.

फोन बंद झाला. मिनोवा घाईघाईने सांगू लागले की मूळ कागद अजून गोदामात आहे, हवं तर फोटो पाठवतो, शपथ घेतो, शिक्का उलटाच होता. तोमिएने हात वर करून त्यांना थांबवलं.

"साहेब, उलटा होता हे मला माहीत आहे. तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी मला पटलं होतं."

"मग एकतीस वर्षं..."

"त्या दहा जणांना कारखाना बंद करणं बरोबर वाटलं, त्यांनी शिक्का मारला. त्यांची नावंसुद्धा मी विसरले. तुम्हाला चूक आहे हे माहीत होतं, आणि तरी मारलात. नाही म्हणायचं होतं हो, नुसतं नाही. तुम्ही एवढंसं लाकूड उलटं धरलंत आणि माझ्याकडे शाबासकी मागायला आलात."

खोलीत गारठा आला होता, की मिनोवांनाच तसं वाटलं.

"आणि त्या पोरीला आत्ता सांगायला काय झालं होतं?" तोमिए म्हणाली. "ती तर तुमची साहेबसुद्धा नव्हती."

तिने पुस्तक मिटलं, खोक्यात घातलं, फडक्यात बांधून नीट गाठ मारली आणि त्यांच्यापुढे ठेवलं. चार वीसची गाडी आहे म्हणाली, अंगणात बर्फ आहे, सांभाळून जा. ते पावणेतीन किलोचं गाठोडं काखेत घेऊन मिनोवा दारापाशी गेले, बूट चढवले, वळले, आणि सवयीने कंबरेत खूप खाली वाकले. मान वर केली तोवर तिने दार लावून घेतलं होतं.