अर्ध्या वाट्याच्या गोळ्या

मित्रांनो, मी जबलपूरच्या एका दवाखान्यातला सलाईनचा स्टँड. आता जुना झालो, एक चाक कुरकुरतं, पण वरचे दोन्ही हुक अजून शाबूत आहेत. अन् सांगायचंय ते या दोन हुकांचंच.

मी नवा होतो तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर म्हटलं की सगळ्या बायकांना जवळपास एकच औषध, माझ्यावरून थेंब थेंब. नव्या औषधाची चाचणी असली तरी पाहायचे काय, तर गाठ किती आटली अन् बाई किती जगली. तिला जेवण जातं का, झोप लागते का, कोण विचारत होतं? आता विचारतात. आता आधी रक्त तपासून आईबापाकडून आलेला दोष शोधतात. आमच्याकडे चाचणी आली ती तसा दोष असलेल्यांसाठीच, अन् औषध म्हणजे गोळी, घरी घ्यायची. माझी गरजच नाही. थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो.

फॅक्टरी क्वार्टरमधल्या विनताकाकू अन् कुंडमहून बसने येणारी बेबी, दोघींच्या पिशव्या माझ्याच दोन हुकांना. केस गेले तेव्हा दोघी एकमेकींच्या टकलावर हसायच्या. मग काकू गोळीच्या चाचणीत गेल्या. बेबीच्या रक्तात तो दोष निघाला नाही. ती माझ्यापाशीच राहिली.

काकू तपासणीला आल्या की बेबीला नर्मदेच्या ग्वारीघाटचा प्रसाद द्यायच्या, अन् त्याच पुडीत आपल्या निम्म्या गोळ्या. प्रसाद एकटीनं खायचा नसतो, मग गोळी तरी कशी खायची, असं त्यांना वाटे. मी सगळं पाहून राहिलो होतो.

एके दिवशी बेबी उठता उठता कोसळली. रक्त पार कमी झालं होतं. डॉक्टर यामिनींनी खोदून खोदून विचारलं, दुसरं काही घेतलं का? बेबी नाहीच म्हणाली. काकूंना ती दीदी म्हणायची. तिला भीती, दीदीचं नाव चाचणीतून कटेल. तपासणीला आलेल्या काकू तिथंच होत्या, त्यांनी माझा दांडा धरला.

"मी देत होते तिला, माझ्यातल्या निम्म्या," काकू म्हणाल्या. "मला काढायचं तर काढा. आधी हिला पाहा."

यामिनींनी आधी बेबीची नाडी धरली, मग म्हणाल्या, "काकू, ती गोळी हिच्यासाठी नव्हतीच. सलाईनच्या औषधावर वरून ती गोळी, म्हणून हे झालं. अन् तुम्ही निम्म्याच घेतल्या हे कळलं नसतं, तर आम्ही म्हटलं असतं गोळीत दम नाही. मग तुमच्या मागून येणाऱ्या बायकांनी काय करायचं?"

बेबी डोळे मिटूनच पुटपुटली, "दीदी, काहे बता दिया."

"काहून म्हणजे? माझ्या टकलावर हसणार कोण मग?"

त्या दिवशी माझ्या हुकाला बेबीसाठी रक्ताची पिशवी लागली. काकूंचा हुक रिकामाच, पण त्या शेवटचा थेंब पडेपर्यंत बसून होत्या. त्यांना चाचणीत ठेवलं. झालेली चूक मात्र जशीच्या तशी नोंदवली. बेबी अजून येते. अशक्त आहे. तिच्यासारख्यांसाठीही एखादी चाचणी निघेल, म्हणून वाट पाहते.

काल काकूंनी खोव्याची जलेबी आणली, माझ्या शेजारीच बसून मोडली, अर्धी तिला दिली. मित्रांनो, माझ्या चाकाला तेल घाला न घाला, पण एवढं ऐका. जीव लावा, जलेबी अर्धी करा. गोळी ज्याची त्यालाच, अन् डॉक्टरला खरं तेच सांगा.