काळ्या शाईतला लाल

बाबांच्या चित्रांना मी कुलूप लावलं, तेव्हापासून माझाच जीव थाऱ्यावर नव्हता.

कोल्ह्याच्या पुस्तकाची ही चित्रं त्यांनी आजारपणाच्या आधी काढलेली. आता हात थरथरतो, नवं एकही व्हायचं नाही. म्हणून मी सगळी स्कॅन केली आणि मूळ चित्रं कपाटात बंद केली. छपाई दोनच रंगांत, काळा आणि लाल. लाल जिथे हवा तिथे काळ्या शाईने भरून द्यायचं, त्या काळ्यावरून छापखान्यात लालची प्लेट बनते. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर करून टाकते. बाबा म्हणाले, "लाल कुठे थांबवायचा ते तुझं मशीन ठरवणार का?"

मग मी चित्रांचे प्रिंट काढून त्यावर ठेवून शाई भरायला पारदर्शक प्लास्टिक आणून दिलं. बाबांनी तोंड फिरवलं. "चित्रं माझी आणि बंदी मलाच. छान." घरात नुसती धुसफुस.

आज छापखान्यात गेले, तर मालकीणबाईंनी विचारलं, "लालचं कुठे अडलंय?" मी काहीतरी थाप मारली. पर्समध्ये कपाटाची किल्ली चाचपली, नव्हती. तशीच घरी पळत आले.

कपाट सताड उघडं. बाबा खिडकीशी, पुढ्यात पहिलं चित्र. प्लास्टिक जमिनीवर आणि कोल्ह्याची शेपटी काळीकुट्ट.

"बाबा, हे ओरिजिनल आहे."

"मग? पुस्तकात छापून येतं ते चित्र. हा त्याचा कच्चा माल."

"एक तरी जपून ठेवायला नको?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले आणि रडूच आलं. रागाचंही होतं त्यात.

बाबांनी ब्रश बाजूला ठेवला. "प्लास्टिकवर ब्रश घसरतो गं. हात कुठे जातो कळत नाही. या कागदाला धर आहे."

मी डोळे पुसून नीट पाहिलं. शेपटीची कड एकदाही हलली नव्हती. प्रिंट अशाच जाड कागदावर काढावेत, तर तो आमच्या प्रिंटरात अडकतो, तेही मी करून बघितलं होतं. जुन्या स्कॅनशी ताडून लालसाठी भरलेला काळा तेवढा वेगळा काढता आला असता, छपाईचं काही बिघडलं नव्हतं. पण ती शेपटी आता धुऊन निघणार नव्हती.

"राहू दे," बाबा म्हणाले. "बाकीची तू कर कॉम्प्युटरवर." ते ब्रश पुसायला लागले आणि हात पुन्हा थरथरू लागला.

मी कपाटातून दुसरं चित्र काढलं, कोल्ह्याच्या पिल्लाचं, माझं सगळ्यांत लाडकं. त्यांच्यापुढे ठेवलं. बघवेना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत राहिले. अधूनमधून मी तिथूनच विचारायचे, "बाबा, जमतंय का?"

उत्तर आलं नाही. कामात असले की बाबा कधीच उत्तर देत नसत.