ऐनाखालची जागा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. दुसऱ्याच्या घरातलं दुःख आपण कशाला मांडत बसायचं, असं वाटायचं. मग समीक्षा वहिनीनेच एकदा विचारलं, लिहिलंस का रे? तेव्हा गप खाली बसलो आणि लिहायला घेतलं. त्या दोघांनी जसं सांगितलं तसं सांगतो.

तर आदेश. मुरबाड तालुक्यातला, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावचा. घरची भातशेती, पण तिच्यावर वर्ष निघत नाय, म्हणून वाशिंदला कारखान्यात कामाला. तिकडे चाळीत एक खोली, सुट्टीला घरी. घरी बाप महिपत आणि बायको समीक्षा. आई सकुबाई आदेश शाळेत असतानाच गेलेली.

अश्विनात भात पिवळं पडलं होतं तेव्हा समीक्षाची मुलगी पोटातच गेली. सातवा महिना होता. दवाखान्यातून लेकरू फडक्यात गुंडाळून आणलं आणि तिघं गडी ते घेऊन शेताकडे गेले. महिपत, आदेश आणि आदेशचा लहानपणापासूनचा दोस्त धम्मपाल. खड्डा आदेशच खणणार होता. पण पहार हातात धरून तो तसाच उभा राहिला. धम्मपालने त्याच्या हातातून पहार घेतली.

आमच्याकडे मोठं माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाय, शेजारी कडू घास घेऊन येतात. पिठलं-भाकर, जे असेल ते. चार माणसं येऊन बसतात. पण जन्मालाच न आलेल्या लेकराचं काहीच नसतं. सुतक नाय, दहावा नाय, कोणी भेटायला येत नाय. त्या संध्याकाळी घरात रोजच्यासारखी चूल पेटली.

आणि एक गोष्ट फार कडक पाळतात. आईला जागा सांगायची नाय. आईचं पाऊल तिथे पडलं तर जीव तिथेच घुटमळतो, पुढचं मूलही त्याच वाटेने जातं, असं म्हणतात. परत येताना महिपतने बांधावर थांबून आदेशकडून तसं कबूल करून घेतलं. आदेशने मान हलवली. त्या वेळी त्याला कोणी काहीही सांगितलं असतं तरी त्याने मान हलवली असती.

समीक्षाने दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठे ठेवलीत? तो म्हणाला, शेतात. शेतात कुठे? तो उठून बाहेर गेला.

मग वाशिंदचा हिवाळा. त्याला ते दिवस पाण्याखालून बघितल्यासारखे आठवतात. मशीन चालायची, तिचा आवाज कानात राहायचा, खोलीवर आला तरी चालूच. झोप नाय. चाळीच्या जिन्यावर बसून राहायचा, ताट समोर थंड व्हायचं. शेजारच्या खोलीत वत्सलामावशी राहायची. विधवा बाई, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. तिने त्याला कधी काही विचारलं नाय. थंड ताट उचलायची, गरम करून परत आणून ठेवायची, आणि जायची.

रविवारी तिच्या खोलीत आठ-दहा माणसं जमायची. गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. एका रविवारी आदेश जिन्यावरून उठला आणि सरळ आत जाऊन भिंतीला टेकला. गाणं चालू होतं. कोण काय गातंय ते त्याला कळतही नव्हतं, आवाज तेवढा अंगावरून जात होता, शेतावरून वारा जातो तसा. आणि त्याला झोप लागली. कित्येक दिवसांनी. प्रार्थना झाली, चहा झाला, माणसं घरी गेली, कोणी त्याला उठवलं नाय. जागा झाला तेव्हा अंगावर चादर होती आणि वत्सलामावशी कोपऱ्यात लसूण सोलत होती.

"झोपायला आलास तरी चालेल," ती म्हणाली. "प्रभूच्या घरात झोपायला मनाई नाय."

तो पुढच्या रविवारीही गेला. त्याच्या पुढच्याही. हळूहळू झोपेच्या जागी कान आले, मग कानाच्या जागी मन आलं. महारोग्यांना हात लावणारा, लोकांनी टाकलेल्या बाईच्या बाजूने उभा राहणारा, दोस्त मेला तेव्हा सगळ्यांदेखत रडणारा येशू. रडणारा देव त्याने कधी ऐकला नव्हता. एका सकाळी पाळीवर जाताना त्याच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात कोणाशीतरी बोलतोय आणि कोणीतरी ऐकतंय.

गावात सांगितलं तेव्हा वादळ होईल असं त्याला वाटलं होतं. महिपतने विडी विझवली आणि विचारलं, "भात लावायला येशील ना?"

"येईन."

"मग झालं."

धम्मपाल मात्र पोट धरून हसला. "आमच्या आज्याने एका दिवसात सगळे देव पोत्यात भरून नदीत सोडले. आणि तू हुडकून एक नवीन आणलास?"

"मी नाय हुडकला. मी झोपलो होतो."

"मग बरोबर. जागेपणी तू कायच करत नाय."

समीक्षा हसली नाय. आदेश तिला सांगत राहिला. नवं नवं होतं, तोंड थांबत नव्हतं. जेवताना सांगायचा, भांडी विसळताना मागे उभा राहून सांगायचा. आपली पोर प्रभूजवळ हाय, तिला काय दुखत नाय, तू रडू नको. ती ऐकून घ्यायची. एकदा तिने ताट खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"प्रभूजवळ हाय ते कळलं मला. तुमी दहादा सांगितलंत. जमिनीत कुठे हाय ते सांगा."

त्याने तिचं ताट परत तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाला, ते विचारू नको गो.

"तुमच्या येशूला पण माहीत असेल जागा. धम्मपालला माहीत हाय. मलाच तेवढी नाय." एवढं बोलून ती उठली, आणि त्यानंतर तिने विचारणंच सोडलं. विचारायची तेव्हा आदेशला त्रास व्हायचा. विचारायची थांबली तेव्हा त्याला भीती वाटायला लागली. सुट्टीला घरी आला की ती त्याला पाणी द्यायची, वाढायची, आणि तिची नजर त्याच्यातून आरपार मागच्या भिंतीवर जायची. तिचं घरात असणं रोज थोडं थोडं कमी होत होतं.

होळी झाली. उन्हं चढली. महिपतने राब रचायला घेतला. जिथे भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, वाळली पानं, ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, गवत आणि वरून माती असा थर लावतात आणि पावसाच्या आधी भाजतात. तण जळतं, जमीन शेकते, रोप जोमाने येतं. महिपतने फोन केला. सोमवारी राब भाजायचा हाय, तू ये.

आदेशने फोन ठेवला आणि तिथेच जिन्यावर बसला. कारण लेकरू त्याच तुकड्यात होतं, ऐनाच्या झाडाखाली. आग वरून जाणार, मग नांगर जाणार, मग रोपं येणार. जागा होती हेही मग राहणार नाय. समीक्षाला दाखवायचं तर आताच. आणि दाखवायचं नाय असं त्याने बापाला कबूल केलं होतं. पाऊल पडलं आणि पुढे खरंच काही वाईट झालं तर? प्रार्थना करायला लागलो म्हणून लहानपणापासूनची भीती एका हिवाळ्यात जात नाय. ती हाडात असते.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी ईस्टर होता. पहाटे चाळीच्या गच्चीवर सगळे जमले. आभाळ राखाडी, लांब रुळांवर एखादा दिवा सरकत होता. वत्सलामावशी वाचून दाखवत नाय, सांगते, शेजारच्या घरातलं सांगावं तसं. तिने सांगितलं की येशूला पुरलं, आणि दोन दिवसांनी पहाटेच्या अंधारात बाया उठल्या. सुगंधी द्रव्यं घेतली आणि थडग्याकडे निघाल्या. दगड कोण सरकवेल हेही त्यांना माहीत नव्हतं. तरी गेल्या. म्हणून तो मेलेल्यातून उठल्याची बातमी पहिली त्यांना लागली.

आदेश सावरून बसला. ही गोष्ट त्याने आधी ऐकली होती. पण बाया थडग्यावर गेल्या, हे त्याच्या कानात आज शिरलं.

"मावशी, बायांना कोणी अडवलं नाय?"

"कोण अडवणार?" मावशी म्हणाली. "अडवणारे गडी घरात, दाराला कडी लावून बसलेले. भ्यायलेले."

चहा व्हायचा होता. आदेश चप्पल घालून जिना उतरला.

आसनगाव, शहापूर, तिथून एसटी. बस किन्हवलीच्या बाजूने हलत डुलत चालली आणि तो खिडकीशी अर्धा झोपेत, अर्धा जागा. कुठून तरी मोहाच्या फुलांचा गोड वास आत आला आणि बसमधून उतरूनच गेला नाय. डोंगरउतारांवर ठिकठिकाणी राब भाजत होते, धुराच्या निळ्या रेघा सरळ वर जाऊन विरत होत्या. मुरबाड मागे पडलं आणि सिद्धगड दिसला. पायथा धुरक्यात गेलेला, नुसता माथा तेवढा वर तरंगत होता. आदेश मनात म्हणत होता, प्रभू, मला भीती वाटते. मी दाखवणार हाय, पण मला भीती वाटते. उत्तर काही आलं नाय. पण तो एकटा नव्हता, एवढं त्याला कळत होतं.

समीक्षा अंगणात भांडी घासत होती. तो दारात उभा राहिला.

"चल. जागा दाखवतो."

तिने हात धुतले. राखेचे डाग नाय गेले तरी तशीच उठली. "मामा?" तिने सासऱ्याचं विचारलं.

"बा तिकडेच असेल."

"असू दे," ती म्हणाली आणि त्याच्या पुढे चालायला लागली, वाट माहीत असल्यासारखी.

महिपत खरंच तिकडे होता. राबाच्या कडेला उकिडवा बसून दाताळ्याने पाला सारखा करत होता. त्याने दोघांना येताना बघितलं. आदेशला वाटलं, आता शिव्या येणार. तो बापाच्या नजरेला नजर न देता ऐनाकडे बघायला लागला आणि तिथेच थांबला.

सगळा तुकडा रचलेला होता, कडेपासून कडेपर्यंत, गोधडी अंथरल्यासारखा. फक्त ऐनाच्या बुडाशी सुपाएवढी जमीन मोकळी. एक काटकी नाय तिच्यावर. भोवतीचं गवतही काढून टाकलेलं, आगीने तिकडे जाऊ नये म्हणून. ऐन सगळा छाटलेला, पण त्या बाजूची एक फांदी तशीच ठेवलेली, तिला तांबूस पालवी फुटलेली आणि तिची सावली बरोबर तिथे पडलेली.

समीक्षाला कोणी काही दाखवायची गरज पडली नाय.

महिपत उठला. सुनेकडे बघत होता, पण बोलला मुलाशी. "तुझ्या आधी एक होती. त्या वरच्या बांधाला हाय. सकू मरेस्तवर विचारत होती मला. मी नाय सांगितलं." त्याने दाताळं ऐनाला टेकवून ठेवलं. "बस गो पोरी. सावलीत बस." आणि वरच्या बांधाच्या दिशेने चालायला लागला.

ती बसली. राखेचा हात त्या मातीवर पसरून ठेवला. आदेशने बसमध्ये मोठी प्रार्थना तयार केली होती, छान शब्द होते तिच्यात. त्यातला एकही तोंडात आला नाय. तो तिच्या बाजूला बसला. समीक्षा रडली, दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा, आवाज करून, पोटातून. त्याने तिला रडू नको म्हटलं नाय. तोही रडला. वरच्या बांधावर महिपतचा फेटा दिसत होता, बसलेला, न हलणारा. उन्हाने सगळं पांढरं झालं होतं आणि त्या पांढऱ्यात ऐनाची तेवढी सावली गार.

खूप वेळाने समीक्षा म्हणाली, "तुमचं ते म्हणा आता."

त्याने म्हटलं. चार ओळीही नसतील. मुलीला नाव नव्हतं, म्हणून प्रार्थनेत तो नुसतं 'आमची पोर' म्हणाला. समीक्षाने शेवटी आमेन म्हटलं नाय. त्याने वाटही बघितली नाय. उठताना तिने आधारासाठी हात पुढे केला, तेवढा त्याने धरला.

सोमवारी राब भाजला. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला, म्हणजे आग हळू चालते. धम्मपाल सुट्टी टाकून आला होता, बादली घेऊन ऐनापाशी उभा, मोकळ्या जागेच्या कडेने पाणी मारत. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आग सावकाश आली, दोन्ही अंगांनी गेली, पुढे निघून गेली. घरून समीक्षा गड्यांसाठी भाकऱ्या घेऊन येताना लांबून दिसत होती.

धम्मपाल तिच्याकडे बघत राहिला. मग बादली खाली ठेवून, आदेशकडे न बघता बोलला. मेघाला पाचवा चालू हाय. मेघा म्हणजे त्याची बायको. इतके दिवस सांगायला तोंड झालं नाय. आणि आळीतल्या बाया म्हणतात, समीक्षाची सावली तिच्यावर पडू देऊ नको. मेघा म्हणते, मला समीक्षाच पाहिजे. "मला कायच कळत नाय आद्या. तुझी पोर मी हातात घेतली होती. रोज झोपताना तेच येतं डोळ्यांसमोर. मला नुसती भीती वाटते. आणि हे बघ, मला तुझ्या प्रार्थनेला नेऊ नको."

"नाय नेणार."

धूर दोघांच्या मधून गेला. आदेशने डोळे पुसले, ते धुराने होते की कसे, त्यालाच माहीत.

"मेघाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की मला फोन कर," तो म्हणाला. "पाळी असू दे, काय असू दे, मी येईन. सगळं चांगलं होईल असं मी बोलणार नाय, ते मला माहीत नाय. पण बाहेरच्या बाकड्यावर तू एकटा बसणार नाय. समीक्षा मेघाजवळ येईल असं मी कबूल करत नाय, तिचं तिला विचारतो. माझं मात्र धरून चाल."